सातबारा नसलेल्यांच्या कोंबड्या

चळवळीतल्या माणसांनी कोंबड्यांवर लेख लिहिला की लोक हसतात. आरक्षण, खासगीकरण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटीच्या केसेस एवढं सगळं पेटलेलं असताना हे मधेच काय, असं आम्हाला विचारलं गेलं. विचारणारे परके नाहीत, आपल्याच विहारात बसणारे आहेत. त्यातल्या एकाचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो म्हणाला, "बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं आणि तुम्ही पोरांना परत खुराड्याकडे नेताय."

या आक्षेपापासूनच सुरुवात करू. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सांगितलं त्यातला एक शब्दही आम्हाला मागे घ्यायचा नाही. गावगाडा आपल्यासाठी तुरुंगच होता. पण तो तुरुंग नेमका कशाचा होता? दुसऱ्याचं मेलेलं ढोर ओढणं, दुसऱ्याचा सांगावा पोचवणं, दुसऱ्याच्या खळ्यावर हात पसरणं, हा तो तुरुंग. स्वतःच्या दारात, स्वतःच्या मालकीचं, स्वतःच्या लेकराच्या ताटासाठी काही पाळणं हे कोणत्या बलुत्यात येतं? आणि आम्ही काही फक्त खेड्यातल्यांसाठी लिहीत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांच्या वस्त्या, नाशिकरोडच्या चाळी, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांच्या कडेला असलेली आपली घरं, ही सगळी आमच्या डोळ्यांसमोर आहेत.

कोंबड्या आपल्या घरांत नव्हत्या असंही नाही. आज्यांच्या काळात जवळजवळ प्रत्येक घरापुढे डालं असायचं. पण त्या डाल्याखालचं कोण खायचं? साहेब गावात मुक्कामाला आला की पाटलाचा निरोप यायचा आणि कोंबडी जायची. मरीआईचा नवस, खंडोबाची जत्रा, भगताचा उतारा यांत कोंबडा जायचा. अंडी साठवून बाजारात न्यायची आणि मीठ-मिरची घेऊन यायचं. घरातल्या पोराच्या तोंडात अंडं पडायचं ते आजारपणात, नाहीतर फुटलं म्हणून. कोंबडी घरात होती, पण तिच्यावर हक्क भलत्यांचेच होते. आम्ही जे सांगतो आहोत त्यात अंडं आधी घरात खायचं आहे, उरलं तर विकायचं आहे. हा क्रम उलटा झाला की सगळं मुसळ केरात.

आता महाडकडे वळू. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेलेल्या लोकांना बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांची भीक सोडा. आपल्या लोकांनी ते सोडलं. कुणी जबरदस्ती केली म्हणून नाही, माणूस म्हणून जगायचं होतं म्हणून सोडलं. त्याचा अभिमान आपण भाषणांतून सांगतो. पण त्या त्यागाची एक बाजू आपण फारशी बोलत नाही. ज्या घरात जमीन नाही, दूधदुभतं नाही, डाळ विकत आणायची ऐपत नाही, त्या घराने लाचारीचं अन्न सोडलं तेव्हा त्या घरातली प्रथिनंही गेली. त्यांच्या जागी काय आलं? भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आता रेशनचा तांदूळ आणि पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ही मुलं आणि या बाया कोणत्या वस्त्यांत जास्त सापडतील हे सांगायला वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. ते शिजवायला तेल लागत नाही, मसाला लागत नाही, आणि कवचाच्या आत भेसळ करता येत नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी वर्षाला १८० अंडी खावीत असं सांगत आली आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला ९००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काही मित्र म्हणतात, कोंबडीच का? शेळी का नाही, गाय का नाही? उत्तर सोपं आहे, आपल्याकडे जमीन नाही. याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, आंबे गावात जन्मलेल्या दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, लोकांनी तुरुंग भरले, आणि गायरानाचा प्रश्न आजही कोर्टात आणि तहसीलमध्ये लोंबकळतो आहे. गाईला वैरण लागते, शेळीला चरायला रान लागतं, आणि रानाच्या बांधावर कोणाच्या शिव्या खाव्या लागतात हे चारणाऱ्यालाच माहीत. दुधाचं आणखी एक आहे. ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवर अकरा राज्यांत झालेला एक मोठा अभ्यास २००६ साली पुस्तकरूपाने आला. त्यात पाहिलेल्या जवळपास निम्म्या गावांत दलितांना डेअरीला दूध घालू दिलं जात नव्हतं. दुधाला आपला हात लागतो, म्हणून ते बाटतं. अंडं कवचात येतं, आणि टपरीवर ऑम्लेट खाणारा ते कोणाच्या खुराड्यातून आलं हे विचारत नाही. जात गेली म्हणून विचारत नाही असं कुणी समजू नये. भूक लागलेली असते आणि कवच सगळ्यांचं सारखंच असतं.

त्याच अंड्याला शहरात मात्र जात चिकटते. नाशिकमध्ये भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना 'शाकाहारी आहात ना?' हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागतो हे त्यांनाच विचारा. त्यात आडनाव न विचारता आडनाव काढून घ्यायची सोय असते. काळाराम मंदिराचा दरवाजा २ मार्च १९३० ला ज्यांनी आपल्यासाठी बंद केला, त्यांच्या नातवांनी तो आता फ्लॅटच्या स्वयंपाकघराला बसवला आहे, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू. पोषणाचा तो ९०० चा आकडा घ्या. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते. ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज या परसात पाळण्यासाठी सरकारी संशोधन संस्थांनी आणि विद्यापीठांनी तयार केलेल्या जाती आहेत. त्यांची कागदावरची अंडी जास्त आहेत, ग्रामप्रियाची तर १८० च्या पुढे सांगतात. पण आपल्या दारातल्या खाण्यावर, उन्हाळ्यात, पिसं झडण्याच्या काळात धरून १२० मिळाली तरी भरपूर म्हणायचं. आठ कोंबड्या गुणिले १२०, झाली ९६०. म्हणजे पाच माणसांच्या घराला आठ कोंबड्या पुरेशा आहेत. पन्नास नकोत, शंभर तर नकोतच. ज्याला कोणी शंभराने सुरुवात करायला सांगतं त्याने आधी सांगणाऱ्याचा खाद्याचा धंदा आहे का ते बघावं.

एक दिवसाची पिल्लं घेऊन सुरुवात करू नये, असं आमचं ठाम मत आहे. पहिले तीन-चार आठवडे त्यांना सतत ऊब लागते, बल्ब लागतो, रात्री लाईट गेली की पिल्लं एका कोपऱ्यात चेंगरून मरतात. आणि निफाडची थंडी तर महाराष्ट्रात प्रसिद्धच आहे. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. त्या महाग पडतात, पण पिसं आलेली असतात आणि सुरुवातीच्या लसी झालेल्या असतात. झाल्या आहेत का हे विकणाऱ्याला विचारून, लिहून घ्यावं. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्या अंड्यावर येतात. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट निम्म्या अनुदानावर देण्याची तरतूद आहे. मिळाला तर तीन घरांनी वाटून घ्या. अर्ज मात्र डोळे उघडे ठेवून भरा. आमच्यातल्या एका बाईला एका कार्यालयात जागेचा उतारा मागितला गेला. योजनेचं नाव परसातलं कुक्कुटपालन. परस कुणाला असतो? ज्याला घरामागे जागा आहे त्याला. आपल्या घराची मागची भिंत दुसऱ्याच्या घराची पुढची भिंत असते. सातबारा नसलेल्यांसाठी म्हणून काढलेल्या योजनेत सातबारा मागायचा, ही या व्यवस्थेची जुनी खोड आहे. अशा वेळी तोंडी उत्तरावर परत येऊ नका. कोणत्या शासन निर्णयात ही अट आहे ते लेखी मागा. बऱ्याचदा तेवढ्याने अट आपोआप गळून पडते.

खुराड्याला फार जागा लागत नाही. रात्री बसायला एका कोंबडीला दोन चौरस फूट धरले तर आठ कोंबड्यांना चार बाय चारचं खुराडं पुरतं. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावं, जाळी बारीक असावी, आत बसायला एक आडवी काठी आणि अंडी घालायला भुसा टाकलेली दोन खोकी. मुंगूस आणि बोका हे दोन शत्रू लक्षात ठेवायचे, दोघंही एवढ्याशा फटीतून जातात. खाली भाताचं तूस टाकावं, इगतपुरी-त्र्यंबककडे ते सहज मिळतं. ओलं झालं की बदलायचं, नाहीतर वास सुटतो आणि शेजाऱ्याचं आणि आपलं वाजतं. शहरातल्या वस्तीत कोंबडा ठेवूच नये. पहाटे चारला तो आरवणार आणि सकाळी भांडण. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडं देते, हे आम्हाला अजूनही शिकलेल्या माणसांना समजावून सांगावं लागतं.

खाणं एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं. त्यातलं निम्मं ती किडे, हिरवा पाला, भाजीचे देठ आणि उरलेला भात यांवर भागवते, जर तिला मोकळं फिरता आलं तर. येवला-मालेगाव पट्ट्यात मका भरपूर पिकतो, हंगामात घेऊन ठेवलेला भरडा वर्षभर कामाला येतो. पण नुसत्या मक्यावर कोंबडी जाड होते, अंडं देत नाही. त्यात थोडी पेंड हवी, आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा. निफाड-दिंडोरीकडच्यांनी एक पथ्य पाळायचं: द्राक्षबागेत फवारणी चालू असताना कोंबड्या तिकडे सोडायच्या नाहीत. फवारा मारणारे मजूर बहुतेक आपलेच असतात, त्यामुळे आज फवारणी आहे हे वस्तीत आधी कळतं. त्या औषधाने त्या मजुराच्या छातीचं काय होतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो आम्ही लिहिणार आहोत.

पोरं विचारतात, गावरान घ्यायची की सुधारित? दोन्ही घ्या. सुधारित कोंबडी अंडी जास्त देते पण ती सहसा खुडूक बसत नाही, आणि तिच्या अंड्यातून निघालेली पुढची पिढी तिच्यासारखी भरत नाही. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात जायचं. गावरान कोंबडी खुडूक झाली की एकवीस दिवस हलत नाही, पिल्लं काढते, सांभाळते, घार आली तर अंगावर जाते. गावाकडे ज्यांना शक्य आहे त्यांनी आठात दोन गावरान आणि एक कोंबडा ठेवलाच पाहिजे. अंड्यासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं नाही आणि पिल्लांसाठी जायचं, याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

आता लसीबद्दल, कारण चळवळीचा खरा संबंध इथे येतो. परसातल्या कोंबड्या बुडतात त्या बहुतेक एकाच रोगाने. त्याला राणीखेत म्हणतात, आपल्याकडे मानमोडी म्हणतात. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि आठवडाभरात वस्तीतली सगळी डाली रिकामी होतात. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना लासोटा, आणि आठ-दहा आठवड्यांनंतर आर टू बी नावाची सुईने द्यायची. लस महाग नाही. अडचण वेगळीच आहे. कुपी येते ती शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घराने काय करायचं? शंभरातल्या बाण्णव मात्रा गटारात ओतायच्या? म्हणून कोणी आणतच नाही. मग एका घरात रोग येतो आणि तो भिंती ओळखत नाही.

बारा-तेरा घरं एकत्र आली की मात्र एक कुपी पुरते. आमच्या वस्तीत हे असं चालतं. तारीख विहारात फळ्यावर लिहिली जाते. सकाळी उजाडायच्या आत, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, लस टोचायची. दोन मुली पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून टोचायला शिकल्या आहेत, त्या बर्फाचा डबा घेऊन घरोघर फिरतात. पैसे घरटी कोंबडीमागे. ज्याच्याकडे कोंबड्या नाहीत तोही मदतीला येतो, कारण सगळ्यांनी जागं राहायचं ठरलेलं असतं. या कामाने जे झालं ते आमच्या बैठकांनी झालं नव्हतं. ज्या बाया जयंतीच्या वर्गणीपुरत्या दिसायच्या, त्या आता हिशोब ठेवतात, फळ्यावर तारीख लिहिली नाही तर जाब विचारतात. अंड्याचा पैसा बाईच्या हातात राहतो, नवऱ्याला तो मागावा लागतो. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचं नाव घेणाऱ्या घरांत तो पैसा तिच्याच हातात राहिला पाहिजे, याबद्दल आम्ही पुरुष कार्यकर्त्यांशी भांडलोही आहोत.

इथे एक इशारा. 'कोंबडीतून लाखो कमवा' असं सांगत कोणी वस्तीत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. २०१९ मध्ये कडकनाथच्या नावाखाली पश्चिम महाराष्ट्रात किती लोक नागवले गेले ते आठवा. पिल्लं आम्ही देऊ, अंडी आम्ही घेऊ, असं सांगून पैसे गोळा केले आणि अंडी घ्यायला कोणी आलंच नाही. ब्रॉयलरच्या कराराचंही तसंच. शेड बांधायला जमीन आणि भांडवल लागतं, ते ज्यांच्याकडे आहे त्यांचीच शेडं आहेत. आपल्या पोरांच्या वाट्याला येतं ते रात्री गाडी भरताना पक्षी पकडायचं आणि नंतर शेड खरवडायचं काम. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२० मध्ये कोरोनाची अफवा पसरली, दोन्ही वेळा भाव कोसळले आणि कर्जाने उभारलेली शेडं बसली. आठ कोंबड्यांवर कर्ज नसतं. नोकरी, जमीन, आरक्षण यांना हा पर्याय आहे असं म्हणणाऱ्याला आम्ही ओळखतो. मागण्या सोडा आणि उद्योजक व्हा, असं सांगणारी ती जमात आहे. आम्ही एकही मागणी सोडलेली नाही.

धम्माच्या बाजूनेही प्रश्न येतो, विशेषतः नव्याने उपासक झालेल्यांकडून. पंचशीलात पहिलंच शील प्राणिहिंसेचं, मग कोंबड्या पाळणं बसतं का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये या प्रश्नाला बगल दिलेली नाही. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, आणि गरजेपोटी मारणं व मारण्याची हौस यांत फरक आहे, असं त्यांनी तिथे मांडलं आहे. आणि अंड्यात तर मारणंही नाही, कोंबडा नसेल तर त्या अंड्यात जीवच धरत नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्याने कोंबडी पिंजऱ्यात कोंबू नये, उन्हाळ्यात पाणी सावलीत ठेवावं, म्हातारी झालेल्या कोंबडीचं काय करायचं ते आपापल्या विवेकाने ठरवावं.

शेवटी शाळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं होतंच. तरी विरोध झाला, आणि दोन-तीन महिन्यांतच चाळीस टक्के पालकांनी नको म्हटलं तर त्या शाळेत अंडं शिजवायचं नाही असा नियम आला. साठ टक्के पालकांच्या लेकरांनी काय करायचं? जानेवारी २०२५ मध्ये तर सरकारने त्यासाठीचा निधीच काढून घेतला, वर्षाला सुमारे ५० कोटींचा, आणि द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या असं सांगितलं. तामिळनाडूत शाळेच्या ताटात रोज अंडं असतं. आपल्याच पेठ-सुरगाण्याच्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून आदिवासी बालकांना अंडं देण्याची तरतूद आहे. तिथे जे चालतं ते शहरातल्या आणि सपाटीवरच्या शाळेत चालत नाही, कारण तिथे ते ज्यांना खुपतं त्यांचा आवाज मोठा आहे.

आमच्या वस्तीतल्या काही बाया म्हणाल्या, आपली अंडी शाळेला देऊ या, पोरं तरी खातील. त्यांच्या मनाचा मोठेपणा आम्हाला कळतो, पण आम्ही विरोध केला. लोकवर्गणीचं अंडं आपण द्यायला लागलो की सरकार सुटलं. घरातलं अंडं आपलं, शाळेतलं अंडं सरकारचं. दोन्ही हवीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या शाळेत ती यादी कोणी पाहिली आहे? मुख्याध्यापकांकडे जाऊन आधी यादी मागा, मग पुढच्या बैठकीची तारीख विचारा, आणि अंडं सरकारी खर्चाने परत सुरू करावं असा ठराव लिहून न्या. ठरावावर सह्या घ्यायच्या तर लसीच्या दिवशी घ्या. त्या दिवशी पहाटे सगळी घरं जागी असतात.